कार्बन क्रेडिट, परदेशी गिऱ्हाईक आणि आपला बॉयलर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, सुताचं डाईंग स्वतःचंच, बॉयलर कोळशावरचा. जर्मनीच्या आयातदाराने एक फॉर्म पाठवलाय आणि एक किलो टॉवेलमागे किती कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) सुटतो ते विचारलंय. त्याच सुमारास एक एजंट येऊन गेला: "कार्बन क्रेडिट काढून देतो, दरवर्षी लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा." तुम्ही विचारताय की यात पडावं का. आणि त्याला जोडून असंही की, हा कार्बनचा बाजार आणि ते पर्यावरणाची काळजी करणारं गिऱ्हाईक यांच्यामुळे कारखान्यांचा धूर खरंच कमी होतो, की नुसते कागदी घोडे नाचतात?

मी ऊर्जा ऑडिट करतो. सोलापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले डाईंग हाऊस, सूतगिरण्या, अधूनमधून एखादा साखर कारखाना, हे माझं गिऱ्हाईक. त्यामुळे उत्तर बॉयलरच्या बाजूने येईल, शेअर बाजाराच्या बाजूने नाही. एजंटला सध्या एक रुपयाही देऊ नका. जर्मनीचा फॉर्म मात्र मनापासून भरा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक आधीच सांगतो, तुमच्या बाबतीत नेमका आकडा काय येईल हे तीन गोष्टींवर ठरेल: वर्षाला कोळसा किती जळतो, डाईंगच्या मशीनमध्ये वाफ कॉईलमधून जाते की थेट पाण्यात सोडता, आणि मालातला किती हिस्सा निर्यातीचा आहे. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून खाली मी आकडे धरून चाललोय. तुमचे घालून बघा.

'कार्बन बाजार' या एका नावाखाली दोन अगदी वेगळे धंदे चालतात. पहिल्यात सरकार एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालतं, तेवढेच परवाने वाटतं किंवा विकतं, आणि ज्याला जास्त धूर सोडायचाय त्याने दुसऱ्याकडून परवाना विकत घ्यायचा. दुसऱ्यात मर्यादा कुणावरच नसते. कुणीतरी म्हणतं, "मी हा प्रकल्प केला नसता तर एवढा कार्बन सुटला असता, तो वाचवला", आणि त्या वाचलेल्या टनांचं प्रमाणपत्र विकतं. एजंट तुम्हाला जे विकतोय ते हे दुसरं.

पहिल्या प्रकाराने फरक पडतो, पण मर्यादा टोचली तरच. युरोपचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला परवाने इतके सढळ हाताने वाटले की २००७ पर्यंत त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. कारखानदारांना काही करायची गरजच उरली नाही. पुढे नियम आवळत गेले, २०१९ पासून जादा परवाने बाजारातून बाजूला काढायची यंत्रणा आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाला १०० युरोचा टप्पा ओलांडला गेला. त्या बाजारात येणाऱ्या वीज केंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन २०२३ मध्ये २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होतं. सगळं श्रेय बाजाराचं नाही, पवन आणि सौर वीज स्वस्त झाली हेही त्यात आहे. पण कोळशावर वीज करणं तिथे महाग पडू लागलं, यात परवान्याच्या भावाचा वाटा मोठा.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण सुरतेचं. तिथे २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धूलिकणांचा बाजार सुरू केला. कार्बनचा नव्हे, धुराड्यातून उडणाऱ्या कणांचा. कारखाने बहुतेक आपल्यासारखेच: कापड प्रोसेसिंग, कोळशाचे बॉयलर. अभ्यासासाठी ३१७ कारखाने घेतले आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून बाजारात आणलं, बाकीचे जुन्याच नियमांवर ठेवले. बाजारातल्या कारखान्यांचं धूलिकण उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी निघालं. कारण सोपं होतं. धुराड्यावर सतत मोजणारं यंत्र होतं, एकूण कोट्याला मर्यादा होती, आणि कोटा ओलांडला तर आधीच भरून ठेवलेल्या अनामतीतून पैसे कापले जात. आपल्याकडे इन्स्पेक्टर येणार म्हटलं की त्या दिवशी स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) चालू करायचा, ही पद्धत तिथे चालेना, कारण यंत्र रोजच बघत होतं.

आता दुसरा प्रकार. क्योटो करारातून सीडीएम यंत्रणा निघाली, म्हणजे विकसनशील देशातल्या प्रकल्पाने वाचवलेला कार्बन श्रीमंत देशांना विकायचा. तीत भारतातले हजाराहून जास्त प्रकल्प गेले, आपल्या राज्यातल्या साखर कारखान्यांचे बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीचेही. त्या क्रेडिटला २००८ मध्ये २० युरोच्या वर भाव होता, २०१२ संपता संपता तो एका युरोच्या खाली घसरला. त्या भरवशावर कर्जाचं गणित मांडणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते सांगायला नको. भावापेक्षाही मोठी अडचण खरेपणाची. फ्रिजमध्ये जाणारा आर-२२ गॅस बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू फुकटात तयार होतो, आणि त्याचा एक टन म्हणजे हिशोबात कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. तो जाळून टाकायला खर्च किरकोळ, क्रेडिट मात्र भरमसाट. मग हा वायू जाळता यावा म्हणूनच तो जास्त तयार करण्यात फायदा दिसू लागला! चीन आणि भारत, दोन्हीकडे असे प्रकल्प होते. शेवटी २०१३ पासून युरोपने ती क्रेडिट घेणंच बंद केलं. भारतातल्या पवनचक्क्यांच्या सीडीएम क्रेडिटवरही एक अभ्यास झालाय. त्यात असं निघालं की निम्म्याहून जास्त क्रेडिट अशा पवनचक्क्यांना मिळाली ज्या क्रेडिट नसतं तरी उभ्या राहिल्याच असत्या. म्हणजे विकत घेणाऱ्याने तिकडे धूर सोडला आणि इकडे काहीच वाचलं नाही.

म्हणून 'नुसते कागदी घोडे का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा हो.

भारतात काय चाललंय? २०१२ पासून बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, पॅट योजना होती. मोठ्या कारखान्यांना ऊर्जा कमी वापरायचं लक्ष्य द्यायचं, जास्त वाचवली तर प्रमाणपत्र मिळायचं, ते मागे पडलेल्याने विकत घ्यायचं. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते, कापड उद्योगही त्यात होता. लक्ष्य होतं ६६.९ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायचं, वाचली ८६.७ लाख टन. ऐकायला झकास वाटतं. पण मग विकायला ३८ लाखांवर प्रमाणपत्रं आली आणि त्यातली १३ लाखांच्या आसपासच खपली. लक्ष्यच सैल असेल तर प्रमाणपत्राला भाव कुठून येणार?

आता त्याचीच पुढची पायरी म्हणजे कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली. सिमेंट, अॅल्युमिनियम, पोलाद, खत, कागद, रिफायनरी वगैरे नऊ क्षेत्रं आहेत, त्यात कापडही आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथलं लक्ष्य 'एक टन मालामागे किती कार्बन' असं आहे, एकूण धुरावर मर्यादा नाही. उत्पादन वाढलं तर लक्ष्य पाळूनही एकूण उत्सर्जन वाढू शकतं. आणि औष्णिक वीज केंद्रं सुरुवातीच्या या नऊ क्षेत्रांत नाहीत. आपल्या शेजारी एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे, त्याच्यासमोर तुमचा बॉयलर म्हणजे किस झाड की पत्ती. पण प्रश्न तुमच्या बॉयलरचा आहे, तर तिथेच येतो.

समजा तुमचा बॉयलर ताशी दोन टनांचा आहे, दिवसाला सोळा तास, वर्षाला ३०० दिवस, सरासरी ६० टक्के लोडवर. म्हणजे वर्षाला ५,७६० टन वाफ. ४,५०० किलोकॅलरीचा कोळसा आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर टनभर वाफेला १९० किलोच्या आसपास कोळसा लागतो. वर्षाचा झाला १,१०० टन. किलोभर कोळशामागे साधारण १.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला सुमारे १,९०० टन. पॅटमध्ये कापड कारखान्यावर बंधन यायचं ते वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरली तर. तुमचा हा कोळसा होतो जेमतेम ५०० टन तेलाइतका, वीज धरली तरी ६०० च्या आत. म्हणजे मोठ्यांवरची सक्ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. उरला तो ऐच्छिक, ऑफसेटचा, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचा मार्ग, आणि एजंट तिथेच बसलेला आहे.

आता बघा. बॉयलर आणि वाफेच्या लाईनवर नीट काम केलं तर १५ टक्के इंधन वाचणं अवघड नाही. वाचले १६५ टन कोळसा आणि २८५ टन कार्बन. कोळसा टनाला ८,००० रुपये धरला तर वर्षाला १३ लाख रुपये खिशात. आणि क्रेडिट? टनाला ५०० रुपये भाव धरला तरी २८५ टनांचे होतात दीड लाखाच्या आत. त्यातून प्रकल्पाचा अहवाल, नोंदणी, दरवर्षीची तिऱ्हाईत पडताळणी आणि एजंटचा वाटा वजा करा. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. शिवाय पडताळणी करणारा पहिला प्रश्न विचारेल की, ज्या कामातून तुम्हाला १३ लाख सुटतात ते तुम्ही क्रेडिटशिवाय केलंच नसतं हे कशावरून? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

पंधरा-वीस डाईंग हाऊस एकत्र येऊन एकच प्रकल्प म्हणून गेले तर खर्च वाटला जातो, हे खरं. पण आपल्याकडे सांडपाण्याचा सामाईक प्रकल्प चालवताना वर्गणीवरून काय होतं ते तुम्ही जाणता. ज्या दिवशी तसा गट उभा राहील त्या दिवशी पुन्हा विचार करू.

१५ टक्के कुठून येतात तेही सांगतो, कारण एजंट याविषयी कधी बोलत नाही. हिवाळ्यात सकाळी सात वाजता डाईंगच्या मागच्या गटारावर एक चक्कर मारा. गटारातून वाफ येत असेल तर ते तुमचं कंडेन्सेट आहे, म्हणजे कॉईलमध्ये वाफ थंड होऊन तयार झालेलं ८०-९० अंशाचं शुद्ध पाणी. बहुतेक ठिकाणी स्टीम ट्रॅप (पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व) बिघडलेला असतो, ऑपरेटर कंटाळून बायपासचा व्हॉल्व उघडून ठेवतो, आणि पाण्याबरोबर जिवंत वाफही जाते. ते पाणी पाइपने फीड टँकमध्ये, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, परत आणा. फीड वॉटर सहा अंशाने गरम झालं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. तीस अंशाचं पाणी पंचाहत्तरवर नेलं तर साडेसात टक्के झाले. सोलापुरात याचा आणखी एक फायदा आहे. बोअरचं पाणी जड, सॉफ्टनर दमतो, क्षार वाढले की ब्लोडाऊन (बॉयलरमधलं क्षारांचं गरम पाणी बाहेर सोडणं) वाढवावा लागतो. परत आलेल्या कंडेन्सेटमध्ये क्षार नसतात, त्यामुळे ब्लोडाऊन कमी होतो आणि टँकरचं पाणीही थोडं वाचतं. धुराड्याच्या वायूचं तापमान बावीस अंशाने उतरवलं की आणखी एक टक्का. २४० अंशावर जात असेल तर इकॉनॉमायझर (धुराड्याच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणारं यंत्र) लावून किंवा नुसत्या नळ्या साफ करून १७५ पर्यंत आणता येतं, म्हणजे तीन टक्के. राहिलेलं इन्सुलेशन आणि हवेच्या डॅम्परमधून. फायरमन राख काळी काढत असेल तर न जळलेला कोळसा बाहेर जातोय हे समजायला कुठलंही यंत्र लागत नाही.

मात्र जुन्या कॅबिनेट डाईंग मशीनमध्ये वाफ थेट रंगाच्या पाण्यात सोडत असाल तर कंडेन्सेट परत येणारच नाही, आणि वरचा साडेसात टक्क्यांचा हिशोब लागू पडत नाही. तिथे बचत पाण्याच्या प्रमाणात आहे. रिअॅक्टिव्ह रंग साठ अंशावर चढतो, पण नंतरचं सोपिंग (साबणाच्या पाण्यात धुणं) नव्वद-पंच्याण्णववर होतं आणि खरी वाफ तिथे जाते. किलोभर सुताला दहा लिटर पाणी लागतं ते सहा-सातवर आणता आलं तर तेवढं पाणी तापवायचंच वाचतं.

आता गिऱ्हाईक. हॅम्बुर्गच्या दुकानात टॉवेल घेणारी बाई लेबल वाचून कार्बन मोजते असं समजू नका. विचारलं तर "हो, पर्यावरणासाठी जास्त पैसे देईन" म्हणणारे पुष्कळ, गल्ल्यावर देणारे थोडे. आणि तोच टॉवेल ती घरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन विजेच्या ड्रायरमध्ये वाळवत असेल, तर वाळवण्यात किती वीज जाते ते विचारूच नका. आपल्याकडे गच्चीवरच्या दोरीवर हे काम ऊन करतं.

पण गिऱ्हाइकाचा दबाव खोटा आहे असंही नाही. तो येतो मधल्या माणसामार्फत. युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी स्वतःचं उत्सर्जन कमी करायची जाहीर लक्ष्यं घेतली आहेत, आणि त्यांच्या हिशोबात विकत घेतलेल्या मालाचा कार्बनही धरावा लागतो. दुकानाचे दिवे बदलून त्यांचं लक्ष्य पुरं होत नाही, खरा कार्बन तुमच्या बॉयलरमध्ये आणि सूतगिरणीच्या विजेत आहे. म्हणून तो फॉर्म आला. माझ्या पाहण्यात अशा फॉर्ममुळे कुणाला टॉवेलमागे चार पैसे जास्त मिळालेले नाहीत. फॉर्म कोरा किंवा थापा मारून पाठवणाऱ्याला पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्रास झालेला मात्र पाहिलाय. बक्षीस नाही, पण नापास होण्याची भीती आहे. धुरावर परिणाम करायला कित्येकदा तेवढी भीती पुरते.

यात आपल्याकडे दोन घोळ नेहमी होतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० चं सर्टिफिकेट आहे म्हणून कार्बनचा रकाना भरला, असं काही जण करतात. ते सर्टिफिकेट कापडात घातक रसायनं नाहीत एवढंच सांगतं, कार्बनशी त्याचा संबंध नाही. आणि युरोपचा सीमेवरचा कार्बन कर टॉवेलला लागणार, अशी अफवा मधूनच उठते. तो पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत, हायड्रोजन आणि वीज यांना आहे. कापड सध्या त्यात नाही.

फॉर्म असा भरा. बारा महिन्यांची कोळशाची बिलं घ्या, शक्यतो वजनकाट्याच्या पावत्यांशी ताडून. डिझेल आणि गॅसची बिलं. महावितरणचे युनिट, दर युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन धरून. सगळ्याच्या कार्बनची बेरीज, भागिले तयार मालाचे किलो. वरच्या उदाहरणात वर्षाला ६०० टन माल धरला तर कोळशाचेच तीन किलोच्या वर येतात, नऊ लाख युनिट विजेचा अजून एक किलो. हा फक्त तुमच्या दारातला हिशोब आहे, कापूस आणि कताई वेगळी, तसं स्पष्ट लिहा. आकडा मोठा वाटला म्हणून लपवू नका. पुढच्या वर्षी तो कमी दाखवता येणं जास्त उपयोगाचं.

'कार्बन न्यूट्रल टॉवेल' असं लेबल लावायची सूचना कुणी केली तर थांबा. बाहेरून क्रेडिट विकत घेऊन मालावर असा दावा करणं युरोपच्या नव्या ग्राहक नियमांप्रमाणे २७ सप्टेंबर २०२६ पासून चालणार नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

इंधन बदलण्याविषयी तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. कोळसा सोडून बगॅस किंवा शेतकचऱ्याच्या ब्रिकेटवर गेलात तर हिशोबातला जळणाचा कार्बन जवळपास शून्य धरतात, तो वेगळ्या रकान्यात दाखवायचा. आपल्या जिल्ह्यात तुराट्या, पाचट, वेडी बाभूळ, कशालाच तोटा नाही. पण पावसाळ्यात ओल वाढते, गाळप बंद असताना बगॅसचा भाव चढतो, आणि लाकूड कुठून आलं याची पावती गिऱ्हाईक मागतं. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन लिहिलेलं असतं, ते बदलून घेतल्याशिवाय भट्टीत टाकू नका. शेडवर सोलर बसवायचं तर वेगळं गणित आहे: १०० किलोवॅटमधून वर्षाला साधारण १.४ लाख युनिट, म्हणजे १०० टनांच्या आसपास कार्बन. वीजबिल बघून ते करा, क्रेडिट बघून नको.

एजंट परत आला तर त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या योजनेत आणि कोणत्या मान्य पद्धतीखाली नोंदणी करणार, पडताळणी कोण करणार, आणि क्रेडिट मिळालंच नाही तर तुमचे पैसे परत करणार का. तुम्ही मात्र कोळशाची वर्षभराची बिलं, फीड टँकचं तापमान आणि धुराड्याच्या वायूचं तापमान एवढं कळवा. धरलेले आकडे काढून तुमचे खरे आकडे घालून देतो.